सार्वजनिक पाणथळीवर बदकांची शिकार: कॅलिफोर्नियात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्याला शिकार म्हटलं की एक तर संस्थानिकांचे जुने फोटो आठवतात, नाही तर वनखात्याचा खटला. अमेरिकेत आल्यावर कळतं की ऑफिसात शेजारी बसणारा शांत गृहस्थ ऑक्टोबर संपत आला की रात्री दोनला उठून बदकं मारायला जातो, आणि तेही सरकारी रेफ्यूजमध्ये, म्हणजे पक्ष्यांसाठी राखलेल्या पाणथळीत, परवाना काढून. काही जण कुतूहलानं त्याच्याबरोबर जातात आणि मग दरवर्षी जायला लागतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शिकार करावी की करू नये, हा वाद ज्याला घालायचाय त्यानं जरूर घालावा, मी इथे घालणार नाही.

परवाना, लिमिट, वेळा हे सगळं नियमपुस्तिकेत मिळतं. पुस्तिकेत नसतं ते म्हणजे पाळी. आभाळातलं पाखरू या क्षणी कोणाच्या पाळीचं आहे, हे ओळखून हात आवरणं. सार्वजनिक पाण्यावरचे नव्वद टक्के तंटे तिथूनच सुरू होतात, असं माझं मत आहे. बाकीचे दहा टक्के पार्किंगचे.

हे पाणी कोणाचं

सॅक्रामेंटोहून आय-फाइव्हनं उत्तरेला निघालं की विलोज आणि कोलुसाच्या आसपास दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. इथले शेतकरी पूर्वी कापणीनंतर पेंढा जाळायचे. १९९१ च्या कायद्यानं ते जाळणं टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावलं, तेव्हा पेंढा कुजवण्यासाठी हिवाळ्यात शेतात पाणी सोडायची पद्धत वाढली. अलास्का-कॅनडाहून पॅसिफिक मार्गानं (पश्चिम किनाऱ्याकडचा स्थलांतराचा मार्ग) खाली येणाऱ्या बदकांना त्यामुळे आयतं जेवणाचं ताट मिळालं. या खोऱ्यात सॅक्रामेंटो, डेलेव्हन, कोलुसा, सटर हे केंद्राचे रेफ्यूज आहेत आणि ग्रे लॉज, अपर ब्यूट बेसिन हे राज्याचे इलाखे. शिकारीची व्यवस्था दोन्हीकडे राज्याचं मासे आणि वन्यजीव खातं बघतं.

या जमिनी विकत घ्यायला पैसा कुठून आला, ते माहीत असलेलं बरं. १९३४ साली केंद्र सरकारनं ‘डक स्टँप’ काढला, म्हणजे बदकांच्या शिकाऱ्यानं विकत घ्यायचं तिकीट. पहिल्या स्टँपचं चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं होतं, किंमत एक डॉलर. आज २५ डॉलर आहे आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरचे ९८ सेंट पाणथळी विकत किंवा भाडेपट्ट्यानं घेण्यात जातात. आजवर या एका तिकिटावर एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा उभा राहिलाय. पक्षीनिरीक्षकही हा स्टँप घेतात, घ्यावाच. या निधीतून घेतलेल्या रेफ्यूजचा साधारणपणे जास्तीत जास्त ४० टक्के भाग स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी उघडता येतो, बाकीचा बंद. बदकांना ही हद्द आपल्यापेक्षा चांगली कळते. सूर्य वर आला की हजारो पाखरं बंद तळ्यावर निवांत बसलेली दिसतात आणि तुम्ही रिकाम्या आभाळाकडे बघत चिखलात उभे असता.

१२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरच्या घाना झिलांवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. ते पाणी राजाचं होतं आणि बंदुका निमंत्रितांच्या. इथलं पाणी सगळ्यांचं आहे, कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट आणि गॅरेजमधला मेकॅनिक एकाच रांगेत उभे राहतात, आणि दिवसाला बदकं माणशी सातच. पॅसिफिक मार्गावर सात, देशाच्या इतर तीन मार्गांवर साधारण सहा. एवढ्या मोजक्या पाखरांसाठी एवढी माणसं येतात म्हणून तर शिष्टाचार लागतो.

कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांसाठी एक सूचना

आधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय पहिला परवाना मिळत नाही. मग राज्याचा शिकार परवाना, राज्याचं डक व्हॅलिडेशन (बदकांसाठीची वेगळी परवानगी), ‘हिप’ची नोंदणी (गेल्या हंगामात काय आणि किती मारलं ते त्यात विचारतात) आणि वय १६ किंवा जास्त असेल तर केंद्राचा डक स्टँप. कागदी स्टँप घेतलात तर त्याच्या तोंडावर शाईनं सही करा. सही नसलेला स्टँप खिशात असून नसल्यासारखा.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. म्हणजे परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली, की दंडाच्या पावतीवर न सुटणारा गुन्हा होऊ शकतो. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा अर्धा तास विकत घ्या. मित्राच्या ‘काही होत नाही रे’वर जाऊ नका.

बंदूक दहा गेजपेक्षा (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) मोठी नको, आणि तिच्यात एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. त्यासाठी काडतुसं बसतात त्या मॅगझिनच्या नळीत प्लग असतो. वॉर्डन, म्हणजे खात्याचा तपासणी अधिकारी, काडतुसं घालून बघतो, तेव्हा घरीच तपासून निघा. शिशाचे छर्रे बदकांच्या शिकारीत देशभर १९९१ पासून बंद आहेत. स्टील, बिस्मथ किंवा टंगस्टन वापरायचे. खिशाच्या कोपऱ्यात कबुतरांच्या शिकारीचं जुनं शिशाचं काडतूस राहिलं असेल तर तेही चालणार नाही. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून कोणत्याच शिकारीत शिसं चालत नाही.

चेक स्टेशन (शिकाऱ्यांची नोंद होते ते नाकं) असलेल्या सरकारी इलाख्यांत माणशी २५ काडतुसांपेक्षा जास्त नेता येत नाहीत. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. मला तो सगळ्यात शहाणा नियम वाटतो, कारण काडतुसं मोजकी असली की माणूस लांबच्या पाखरावर बार उडवत नाही.

आधी ओळखायला शिका

सात बदकांत कोणती किती, याला पोटमर्यादा असतात. मॅलार्डच्या माद्या दोनच. कॅनव्हासबॅक, रेडहेड यांनाही मर्यादा. पिनटेल बरीच वर्षं दिवसाला एकच होता, २०२५-२६ च्या हंगामात तीन झाला. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका फोनमध्ये ठेवा.

यात आपल्याकडच्या पक्षीवेड्यांना मोठा फायदा आहे. भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन उभे राहिले असाल तर इथली निम्मी ओळख झालेली असते. पिनटेल म्हणजे आपला तलवार बदक, शॉव्हेलर म्हणजे थापट्या. दोन्हीकडे हेच पक्षी, फक्त येण्याचे रस्ते वेगळे. पहाटेच्या करड्या उजेडात रंग दिसत नाहीत, तेव्हा आकार आणि उडण्याची ढब बघायची. पिनटेलची मान लांब आणि बारीक, थापट्याची चोच पुढून जड, टील लहान आणि एकदम वळणारी, गॅडवॉलच्या पंखात मागच्या कडेला पांढरा चौकोन, विजनच्या पोटावर पांढरं. पांढऱ्या गूजच्या थव्यामागून ट्युंड्रा स्वॉन येऊ शकतो, आणि हंसाची शिकार कॅलिफोर्नियात नाही. आयबिसही अंधारात बदकासारखा वाटतो. पक्षी ओळखता आला नाही तर चाप ओढायचा नाही. इथे ‘मला वाटलं’ चालत नाही.

आदली रात्र आणि रांग

या खोऱ्यातल्या मोठ्या इलाख्यांत शिकारीचे दिवस बुधवार, शनिवार आणि रविवार. आत जायचे दोन मार्ग. पहिला रिझर्व्हेशनचा: ऑनलाइन अर्ज करायचा, सोडतीत नाव निघालं तर पहाटे क्रमानुसार आत. चांगल्या इलाख्यांसाठी अर्जांचा ढीग असतो, वर्षभरात एखादं लागलं तरी नशीब. दुसरा मार्ग रिझर्व्हेशन नसलेल्यांचा. बऱ्याच ठिकाणी आदल्या संध्याकाळी चेक स्टेशनवर चिठ्ठ्या काढून क्रमांक देतात. रिझर्व्हेशनवाले आत गेल्यावर उरलेल्या जागांत या क्रमानं माणसं सोडतात. या रांगेला इथले लोक ‘स्वेट लाइन’ म्हणतात. रात्र गाडीत काढायची, पहाटे तीनला उठायचं, आणि क्रमांक मागचा असेल तर सकाळी दहाला कोणी बाहेर येईल त्याची जागा मिळेपर्यंत थांबायचं.

या रांगेतले नियम साधे आहेत, पण कडक. मित्रासाठी जागा धरायची नाही. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून झोपायचं नाही, शेजारच्या गाडीतही माणूस झोपलेला असतो. खिडकीशी पोचल्यावर परवाना, स्टँप हातात तयार हवा आणि कुठला भाग हवाय ते ठरलेलं हवं. मागे तीस माणसं उभी असताना भिंतीवरच्या नकाशासमोर नवरा-बायकोची चर्चा सुरू झाली की कपाळाला आठ्या पडतात. पर्याय तीन-चार काढून ठेवा. पहिला गेलेला असतोच.

आदल्या हंगामाचे आकडे बघायची सवय लावा. प्रत्येक इलाख्यात त्या दिवशी किती शिकारी आले आणि माणशी सरासरी किती पाखरं मिळाली, हे खातं प्रसिद्ध करतं. हे आकडे खरे राहावेत म्हणून बाहेर पडताना तुम्हीही खरं सांगायचं असतं. थापट्यांना मॅलार्ड म्हणून सांगणारे वीर आहेत, पण चेक स्टेशनवाला पिशवी उघडून बघतो.

रिझर्व्हेशनवाल्याकडे एखादी जागा रिकामी असली तर तो कधी कधी रांगेतल्या एकट्या माणसाला बरोबर घेतो. असं कोणी तुम्हाला घेतलं तर डिकॉयचं (आमिष म्हणून पाण्यावर सोडायच्या खोट्या बदकांचं) ओझं तुम्ही उचला, बदकांना बोलावण्याचा कॉल तो सांगेल तेव्हाच वाजवा, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या चार मित्रांना घेऊन त्याच तळ्यावर हजर होऊ नका. निदान त्याला विचारल्याशिवाय तरी नाही. हा अलिखित नियम मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी बोलवत नाही.

पार्किंग लॉटमधली दोन वाक्यं

इलाख्यात काही भागांना ठरलेले ब्लाइंड (लपून बसायचे आडोसे) किंवा ठरलेली तळी असतात. तिथे जागेचा प्रश्न मिटलेला असतो. खरी कसोटी लागते ‘फ्री रोम’मध्ये, जिथे तुम्ही कुठेही बसू शकता आणि दुसराही.

म्हणून गाडीतून उतरल्यावर पहिलं काम: शेजारी वेडर्स (पाण्यात उतरायची बुटांसकट विजार) चढवणाऱ्याशी बोला. ‘गुड मॉर्निंग, तुम्ही कुठल्या बाजूला चाललात?’ एवढंच. त्यानं उत्तरेकडे सांगितलं तर तुम्ही दक्षिणेकडे जा. कोणी उत्तर टाळलं तर समजून घ्या, त्याची जागा त्याला सांगायची नाहीये. पण तुमची दिशा तुम्ही सांगून टाका, म्हणजे अंधारात टक्कर होत नाही. आपण भारतीय चेहऱ्याचे, नवखे, त्यामुळे बोलायला संकोच वाटतो. तो सोडा. रायफल क्लबच्या टोपीतले हे दांडगे आजोबा एकदा बोलायला लागले की वाऱ्याची दिशा, खोल खड्डे, कुठल्या बांधावर चिखल रुततो, सगळं सांगतात.

अंधारात चालताना हेडलॅम्प खाली धरा. दुरून कोणी तुमच्याकडे दिवा दोन-तीनदा उघडझाप केला तर त्याचा अर्थ ‘इथे माणूस आहे’. लगेच दिशा बदला. तुम्ही आधी बसला असाल आणि कोणाचा दिवा जवळ येताना दिसला तर तुम्हीही तसंच करा, ओरडू नका. पाण्यावर आवाज फार लांब जातो. आपल्या ग्रुपमधल्या ‘अरे इकडे ये, इकडे खोल नाहीये’ या हाका अर्ध्या रेफ्यूजला ऐकू जातात.

जो आधी पोचला त्याची जागा. तुम्ही तीन आठवडे ते तळं हेरून ठेवलंय याला काही किंमत नाही. अंतराचा आकडा पुस्तिकेत बहुधा नसतो, पण दोन गटांत निदान २०० यार्ड असावेत असं मानलं जातं. तेवढी जागा नसेल तर पुढे चला. अगदीच इलाज नसेल तर जाऊन विचारा: ‘तुमच्या पलीकडच्या टोकाला बसलो तर चालेल का?’ नाही म्हणाला तर नाही. उशिरा पोचलात आणि शूटिंग सुरू झालंय, तर पहिला तासभर कोणाच्या तळ्यातून चालत जाऊ नका, बांधावर थांबा. पहाटेचा तो तास सगळ्यांनी रात्रभर जागून कमावलेला असतो.

मांडणी

वारा पाठीवर घ्या. बदकं वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतात, म्हणजे ती समोरून येतील. उगवतीचा सूर्य डोळ्यांवर येत नाही ना तेही बघा. नवख्यानं डझन-दीड डझन डिकॉय न्यावेत, जास्तीचं ओझं चिखलात जीव काढतं. त्यांचा इंग्रजी ‘जे’सारखा आकार करा आणि मध्ये मोकळं पाणी ठेवा, तिथे पाखरू उतरतं. एक डिकॉय पावलं मोजून ३५ यार्डांवर ठेवा. त्याच्या पलीकडचं पाखरू तुमचं नाही, ही खूण दिवसभर उपयोगी पडते.

पंख फिरवणारा बॅटरीवरचा डिकॉय कॅलिफोर्नियात ३० नोव्हेंबरपर्यंत चालत नाही. त्याऐवजी दोरी ओढून दोन-तीन डिकॉय हलवा, पाण्यावर तरंग उठले की पुरे. ध्वनिमुद्रित आवाज, जिवंत बदकांचं आमिष आणि धान्य टाकणं बदकांच्या शिकारीत केंद्रीय कायद्यानंच बंद आहे. पाणकणीस आणि लव्हाळे तोडून आडोसा करू नका, आहे त्याच्यात शिरून बसा. चेहरा झाका, वर बघायचं टाळा. हलणारा चेहरा पाखरांना सगळ्यात आधी दिसतो.

डिकॉयची परंपरा इथे युरोपियन येण्याच्या फार आधीची आहे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्यांचे बांधलेले, रंगवलेले डिकॉय सापडले. कॅनव्हासबॅकच्या आकाराचे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. आपण प्लास्टिकचे वापरतो एवढाच फरक.

बरोबर दुसरा माणूस असेल तर बसल्या बसल्या ठरवून घ्या: डावीकडचं पाखरू कोणाचं, उजवीकडचं कोणाचं, आणि ‘मारा’ कोण म्हणणार. शेजाऱ्याच्या डोक्यावरून बंदूक फिरत नाही, कितीही सोपं पाखरू असलं तरी.

पाळी

शूटिंगची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. तक्त्यात मिनिट दिलेलं असतं. त्याच्या चार मिनिटं आधी कुठेतरी एक बार निघतो आणि मग सगळं रेफ्यूज पेटतं. पहिला कायदा मोडणारा तो एकच असतो, पण त्यामागून गोळी झाडणारा प्रत्येक जण तितकाच गुन्हेगार. घड्याळ फोनशी जुळवून घ्या आणि आवाज आला तरी थांबा.

आता मुख्य गोष्ट. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी ज्यानं गावी बघितलीय त्याला हे पटकन समजेल. शेजाऱ्याच्या शेतात पाणी चालू असताना आपण दार फोडायचं नसतं, आपलं रान कितीही वाळलं असलं तरी. तसंच आभाळाचं. थवा शेजारच्या डिकॉयवर घिरट्या घालतोय, तो कॉल वाजवतोय, पाखरं दर फेरीला खाली येतायत. अशा वेळी ती त्याची आहेत, जरी घिरटीच्या टोकाला ती तुमच्या डोक्यावरून जात असली तरी. तुमचा कॉल खिशात ठेवा. बार उडवू नका. त्यानं मारलं किंवा पाखरं त्याला सोडून गेली, की पाळी मोकळी. तुमच्या डोक्यावरून चाळीस यार्डांवरून जाणारं पाखरू सोडून देणं फार जड जातं, हे मान्य. पण ते एकदा सोडलंत की शेजारचा माणूस ते बघतो, आणि तासाभरानं तुमच्याकडे वळलेल्या थव्यावर तो गप्प बसतो.

याच्या उलटं म्हणजे ‘स्कायबस्टिंग’: साठ-सत्तर यार्डांवरच्या पाखरांवर बार उडवत राहणं. सार्वजनिक पाण्यावरचं हे सर्वांत नावडतं पाप. स्टीलचे छर्रे ३५-४० यार्डांपर्यंत खात्रीनं मारतात. त्याच्या पुढे ते पाखराला लागतात पण पाडत नाहीत. जखमी पाखरू बंद हद्दीत जाऊन मरतं, कोणाच्या हाती लागत नाही. शिवाय थवा उंच निघून जातो आणि आजूबाजूच्या चार गटांची सकाळ वाया जाते. तुमच्या शेजारी असा कोणी बसला असेल तर भांडायला जाऊ नका. त्याच्याजवळची २५ काडतुसं आठ वाजेपर्यंत संपतात, मग शांतता होते.

उडवलेले छर्रे कुठेतरी पडतात. पडताना ते वेग गमावलेले असतात, अंगावर पावसासारखे टपटपले तर घाबरायचं कारण नाही, पण डोळ्यांवर चष्मा असू द्या. पाण्यालगत, खाली, माणसांच्या दिशेनं जाणारा बार मात्र कधीच नाही. बसलेलं किंवा पाण्यावर पोहणारं पाखरू मारताना तर विशेष, कारण छर्रे पाण्यावरून उसळतात.

आणि कॉल. आर्कान्साच्या स्टटगार्टमध्ये १९३६ पासून बदकांच्या आवाजाची जागतिक स्पर्धा भरते. तिथे वाजवतात ते ऐकून आपणही तसंच वाजवावं असं वाटतं. तळ्यावर ते वाजवू नका. पाखरू तुमच्याकडे येत असेल तर गप्प, वळून जायला लागलं तर थोडं. पिनटेल आणि विजनसाठी साधी शिट्टी पुरते, आणि ती बिघडवणं अवघड असतं.

पडलेलं पाखरू

पाडलेलं पाखरू शोधून ताब्यात घ्यायचा शक्य तेवढा प्रयत्न करणं कायद्यानंच बंधनकारक आहे. म्हणून एक पडलं की दुसऱ्यावर नेम धरण्याआधी पहिलं कुठे पडलं ते बघा: वाळलेली काडी, तरंगणारं पीस, काहीही खूण. सरळ तिकडे चाला, नजर हटवू नका.

पाखरू शेजाऱ्याच्या हद्दीत पडलं तर आधी हात वर करून विचारा, मग जा. जाताना बंदूक रिकामी करून जा. त्याचा कुत्रा पाखरू आणून त्याच्या हातात देत असेल तर आभार मानून ते घ्या. दोघांनी एकाच वेळी मारलं असेल तर वाद घालू नका, देऊन टाका. एका बदकाची किंमत दिवसभराच्या कडवटपणाइतकी नसते. पाखराच्या पायात संशोधकांनी घातलेलं धातूचं कडं असेल तर मात्र माणसं हळवी होतात. कड्याचा क्रमांक अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीला ऑनलाइन कळवायचा. मग त्या पाखराला ते कडं कुठे, कधी घातलं होतं याचं प्रमाणपत्र येतं. माझ्या मते ज्याचा छर्रा आधी लागला त्याचं कडं. पण नक्की ठाऊक नसेल तर नाणं उडवा, हीसुद्धा मान्य पद्धत आहे.

प्रत्येकाची पाखरं वेगळी ठेवा. एका ढिगात टाकून ‘आमची मिळून चौदा’ असं सांगता येत नाही, वॉर्डनला प्रत्येकाच्या बंदुकीनं पडलेली पाखरं दिसली पाहिजेत. सात झाली की तुमचं शूटिंग संपलं. मित्राची पाच झाली असली तरी त्याची उरलेली दोन तुम्ही मारायची नाहीत.

कुत्रा असेल तर तो तुमच्या हाकेला थांबणारा हवा. दुसऱ्याच्या डिकॉयमध्ये पोहत जाणारा लॅब्रेडॉर गोड दिसत असला तरी त्याच्या मालकाला कोणी गोड मानत नाही.

बाहेर पडताना

लिमिट झालं, की निघा. चेक स्टेशनवर तुमच्या जागेची वाट बघत माणसं उभी आहेत. बांधावर बसून थर्मासमधला चहा पिण्याची इच्छा होते, तो गाडीशी पिता येतो. रिकामी काडतुसं सगळी उचला, दुसऱ्यांची पडलेलीही. डिकॉय रात्रभर तिथे ठेवून ‘उद्याची जागा धरली’ असं चालत नाही. गाडीपाशी आल्यावर बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. आत जाताना मिळालेलं परमिट परत दिल्याशिवाय इलाखा सोडू नका.

वॉर्डन भेटला तर बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला, ॲक्शन (काडतूस भरायची जागा) उघडी, कागद हातात. गप्पा माराव्यात. सगळ्या पन्नास राज्यांत शिकाऱ्याला मुद्दाम त्रास देणं गुन्हा आहे, तेव्हा कोणी दादागिरी केली किंवा नियम मोडताना दिसला तर स्वतः सोक्षमोक्ष लावू नका. कॅलिफोर्नियात त्यासाठी ‘कॅलटिप’ ही गुप्त तक्रारीची सोय आहे. हातात बंदूक असलेल्या दोन माणसांनी भांडायचं नसतं.

सॅक्रामेंटो रेफ्यूजमध्ये पक्षी बघणाऱ्यांसाठी गाडीतून फिरण्याचा रस्ता आहे, मुलांना घेऊन आलेली कुटुंबं तिथे असतात. रक्ताळलेली पाखरं गाडीच्या बॉनेटवर मांडून फोटो काढायची हौस असेल तर ती पार्किंगच्या कोपऱ्यात भागवा. आणि फोटोत मागचा बांध, झाडं, पाटी ओळखू येत असेल तर तो जाहीरपणे टाकू नका. पुढच्या शनिवारी तिथे वीस गाड्या दिसतील आणि त्यात तुम्हाला जागा सांगणारे आजोबा नसतील.

कॅलिफोर्नियाबाहेर गेलात तर तिथली रीत वेगळी. आर्कान्साच्या बायू मीटो या सरकारी इलाख्यात ओकच्या बुडालेल्या जंगलात शिकार चालते, शिकारी झाडाला टेकून पायानं पाणी हलवतात, आणि दुपारी बाराला शूटिंग थांबतं. तिथे पहाटे बोटींची जी झुंबड उडते तिच्यात रॅम्पवर बोट लावून सामान भरत बसणाऱ्याला शिव्या ऐकाव्या लागतात. सामान आधी भरा, मग रॅम्पवर या. मिनेसोटात स्टँपच्या पैशातून घेतलेल्या छोट्या तळ्यांवर ना रांग ना चेक स्टेशन, त्यामुळे तिथे सगळी मदार पहिल्या माणसाच्या दिव्यावर आणि तुमच्या समजूतदारपणावर.

घरी नेईपर्यंत प्रत्येक बदकाला डोकं किंवा एक पूर्ण पिसांचा पंख राहू द्या, जात ओळखता यावी म्हणून हा नियम आहे. मित्राकडे पाखरं सोपवत असाल तर चिठ्ठी लावा: सही, पत्ता, जात आणि संख्या, मारल्याची तारीख. २०२२ पासून बर्ड फ्लू रानपाखरांत पसरलेला आहे, तेव्हा साफ करताना हातमोजे घाला, आजारी दिसणारं पाखरू खाऊ नका आणि आतडी कोंबड्यांच्या आसपास टाकू नका. सरकारी सल्ला मांस आतून १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत शिजवण्याचा आहे. रस्सा करणाऱ्यांना ती अडचण नाही. टील आणि पिनटेलला आलं-लसणीचं वाटण आणि थोडा कांदा-खोबऱ्याचा मसाला पुरतो. थापट्याला मात्र चिखलाचा वास असतो असं सगळे म्हणतात, आणि सगळे खातात. त्याची कातडी आणि चरबी आधी काढून टाका, मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, मग तांबड्या रश्श्यात घाला.